पुढच्या टॉर्चची वाट किती पाहायची?

प्रश्न : मी चिपळूणजवळच्या एका गावात राहतो. वय ३३, पतसंस्थेत नोकरी आहे. रात्री एसटीतून उतरल्यावर आंब्याच्या बागेतून पंधरा मिनिटांची पायवाट तुडवत घरी जावे लागते. दोन वर्षांपूर्वी टॉर्च घ्यायची म्हणून माहिती वाचू लागलो आणि खिशात मावणाऱ्या, रोज जवळ बाळगायच्या टॉर्चचा नादच लागला. कोणती कंपनी काय आणणार आहे, कोणता एलईडी बसवणार आहे, हे आता मला तोंडपाठ असते. प्रत्यक्षात मात्र मी एकही टॉर्च घेतलेली नाही, कारण दर वेळी त्याहून चांगले मॉडेल येत असल्याची बातमी येते. अजूनही फोनचा दिवा लावूनच चालतो. आता एका कंपनीने १४५०० सेलवर चालणारी, १५०० ल्युमेनची, यूएसबी-सी चार्जिंग आणि मागे चुंबक असलेली टॉर्च जाहीर केली आहे. प्री-ऑर्डरवर सवलत आहे. मी चार-साडेचार हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. प्री-ऑर्डर करू, की आणखी सहा महिने थांबू? बाबा म्हणतात, दोनशे रुपयांच्या टॉर्चवर त्यांचे आयुष्य गेले. त्यांना माझा हा नाद म्हणजे निव्वळ खूळ वाटते.
— एक टॉर्चवेडा

उत्तर : तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर आधी देतो. प्री-ऑर्डर करू नका आणि थांबूही नका. बाजारात आज मिळणारी आणि वर्षभर लोकांच्या हातात वापरून सिद्ध झालेली एक साधी टॉर्च याच आठवड्यात घ्या, आणि मग नव्या मॉडेलची वाट खुशाल पाहा. वाट पाहण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तो या नादातला अर्धा आनंद आहे. पण ती अंधारात, फोनच्या दिव्यावर चालत पाहण्याचे कारण नाही. तुमच्या भागात जांभ्या दगडांच्या सांदीत आणि पालापाचोळ्यात फुरसे निघते हे तुम्हाला माझ्याहून अधिक ठाऊक आहे. फोनचा दिवा चहूकडे पसरतो, चार पावलांपलीकडे काही दाखवत नाही, आणि पावसात एका हातात छत्री व दुसऱ्यात ओला फोन अशी कसरत करताना वाटेऐवजी फोन सांभाळण्याकडेच लक्ष जाते. त्यातून त्याच फोनची बॅटरी संपली, तर दिवाही गेला आणि घरी कळवण्याची सोयही गेली.

आता त्या १५०० ल्युमेनकडे, म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाच्या आकड्याकडे येऊ. तुमच्या दोन वर्षांच्या वाट पाहण्याचे मूळ त्या आकड्यात आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

१४५०० हा सेल आकाराने आपल्या घड्याळातल्या पेन्सिल सेलएवढा असतो : १४ मिलिमीटर व्यास आणि सुमारे ५० मिलिमीटर लांबी. चांगल्या प्रतीच्या सेलची क्षमता १००० एमएएचच्या आसपास धरली, तर ३.६ व्होल्टच्या हिशेबाने त्यात साडेतीन वॉट-तासांच्या थोडी वर ऊर्जा साठते. एलईडी आणि त्याला वीज पुरवणारा ड्रायव्हर या दोघांत होणारा तोटा धरून छोट्या टॉर्चला एका वॉटमागे साधारण १०० ल्युमेन मिळतात असे समजू. म्हणजे १५०० ल्युमेनसाठी पंधरा वॉट हवेत, आणि त्या हिशेबाने भरलेला सेल पाव तासही पुरणार नाही. पण सेल संपण्याची वेळ येतच नाही, कारण त्याआधी उष्णता आडवी येते. त्या पंधरा वॉटपैकी जेमतेम एक तृतीयांश प्रकाश होऊन बाहेर पडतो आणि उरलेली सुमारे दहा वॉट उष्णता टॉर्चच्या अंगातच राहते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या पंचवीस वॉटच्या सोल्डरिंग आयर्नचा निम्मा नाही तरी तिसरा हिस्सा तुम्ही मुठीत धरलेला असतो. पन्नास ग्रॅमच्या ॲल्युमिनियमच्या नळीचा पृष्ठभाग तो किती, आणि आसपासच्या हवेत ती उष्णता सोडणार तरी किती? दोन-तीन मिनिटांत ती हातात धरवणार नाही. म्हणून चांगला ड्रायव्हर तिला तिथवर पोहोचूच देत नाही आणि अर्ध्या-एक मिनिटात प्रकाश खाली आणतो. तो स्थिरावतो साधारण दोनशे-तीनशे ल्युमेनवर. तुम्ही घरापर्यंत चालत जाल तो या प्रकाशात. खोक्यावरचा १५०० हा आकडा पहिल्या मिनिटाचा असतो.

यात कंपनी खोटे बोलते असे नाही, आणि हेच समजून घेण्यासारखे आहे. टॉर्चच्या मोजमापासाठी अमेरिकेत २००९ साली एफएल-१ नावाचे मानक ठरले आणि बहुतेक नामांकित कंपन्या ते पाळतात. त्यानुसार प्रकाश मोजायचा तो टॉर्च लावल्यानंतर तीस सेकंदांपासून दोन मिनिटांपर्यंतच्या काळात. चालण्याची वेळ मोजायची ती सुरुवातीच्या प्रकाशाच्या दहा टक्क्यांपर्यंत घसरण होईतो. आता हिशेब करून पाहा. १५०० ल्युमेनने सुरू झालेली टॉर्च मिनिटभराने २५० वर आली आणि पुढचा तासभर तिथेच राहिली, तरी ती १५० च्या खाली गेलेली नाही. म्हणून खोक्यावर ‘१५०० ल्युमेन, एक तास’ असे छापता येते आणि ते मानकाप्रमाणे बरोबरही ठरते. पल्ल्याचेही तसेच आहे. ज्या अंतरावर प्रकाश ०.२५ लक्सवर (लक्स हे एखाद्या जागी पडणाऱ्या उजेडाचे माप), म्हणजे साधारण स्वच्छ पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, ते अंतर पल्ला म्हणून छापतात. १०,००० कँडेलाच्या (कँडेला हे झोताच्या तीव्रतेचे माप) टॉर्चचा पल्ला त्यामुळे २०० मीटर भरतो. पण तेवढ्या अंतरावर चांदण्याइतक्या उजेडात झुडूप आहे की गवा उभा आहे, हे ओळखायला तुम्हाला जवळच जावे लागेल. छापलेल्या पल्ल्याचा निम्माच आपला समजावा.

शिवाय आपला डोळा ल्युमेन सरळ मोजत नाही. प्रकाश दुप्पट झाल्यासारखा वाटायला तो साधारण चौपट व्हावा लागतो. १००० ल्युमेनची जुनी टॉर्च आणि १५०० ची नवी या दोहोंतला फरक भिंतीवर शेजारी-शेजारी झोत टाकल्याशिवाय तुमच्या लक्षातही येणार नाही. एकेकाळी अमेरिकन पोलिसांच्या पट्ट्याला दिसणारी शुअरफायर कंपनीची ६पी ही टॉर्च दोन लिथियम सेलवर ६५ ल्युमेन देत असे आणि तेवढ्यावर ती डोळे दिपवणारी म्हणून नावाजली गेली होती. आजच्या खिशातल्या टॉर्चचा तो मधला मोड असतो.

पुढचे मॉडेल काही तरी अचाट घेऊन येईल ही अपेक्षा कुठून आली असावी, याचा मला अंदाज आहे. निचिया या जपानी कंपनीने १९९६ साली पांढरा एलईडी बाजारात आणल्यापासून पुढची पंधरा वर्षे दर दोन-तीन वर्षांनी प्रकाश खरोखरच पटीत मोजावा इतका वाढत गेला. २०१० च्या अखेरीस क्री कंपनीने एक्सएम-एल हा एलईडी आणला, तेव्हा एका चिपमधून सुमारे दहा वॉटमध्ये १००० ल्युमेन मिळू लागले. ती खरी उडी होती. त्यानंतर सुधारणा झाल्या, पण त्या पावलापावलाने. सेलचेही तसेच झाले. २०१२ च्या सुमारास १८६५० आकाराचा (१८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी) ३४०० एमएएचचा सेल मिळू लागला होता. आज बाजारातले बहुतेक चांगले १८६५० सेल ३५०० च्या आसपासच आहेत. २१७०० हा आकार आला, क्षमता ५००० वर गेली, पण सेल जाडही झाला. थोडक्यात, खिशाएवढ्या नळीत मावणारी ऊर्जा आणि त्या नळीतून निघून जाऊ शकणारी उष्णता या दोन्ही गोष्टी तुम्ही आणखी सहा महिने थांबलात म्हणून बदलणार नाहीत. ल्युमेनसाठी थांबणे तेवढे सोडून द्या.

थांबण्याजोगे काय असते, तर प्रकाशाचा रंग. या विषयात तुमचे वाचन झाले असेलच, तरी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. स्वस्त टॉर्चमध्ये थंड, निळसर पांढरा एलईडी बसवतात आणि त्याचा रंगदर्शन निर्देशांक, म्हणजे सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचे शंभरपैकी माप), सत्तरच्या आसपास असतो. जांभ्याची तांबूस वाट, वाळलेले आंब्याचे पान आणि तपकिरी फुरसे ही तिन्ही त्या उजेडात एकाच करड्या रंगाची वाटू लागतात. निचियाचा ५१९ए किंवा ल्युमिनसचा एसएसटी-२० यांसारख्या नव्वदच्या वर निर्देशांक असलेल्या एलईडीत लाल आणि तपकिरी छटा सुट्या दिसतात. त्या बदल्यात ल्युमेन थोडे कमी मिळतात, म्हणून जाहिरातीच्या शर्यतीत असे मॉडेल मागे पडते आणि कंपन्या ते दुसरा पर्याय म्हणून गुपचूप विकतात. तुम्ही तोच पर्याय निवडा. रंगतापमान, म्हणजे प्रकाश पिवळसर की निळसर याचे माप, ४००० ते ५००० केल्विनच्या दरम्यान असू द्या. हिरवट छटेचा एलईडी नशिबी आला म्हणून हळहळणारे, आणि एलईडीवरचा घुमट काढून झोत गुलाबी करून घेणारे हौशी लोक तुम्हाला भेटले असतील. त्या वाटेला तूर्त जाऊ नका, तो पुढचा आणि खर्चिक अध्याय आहे.

दुसरी थांबण्याजोगी गोष्ट ड्रायव्हर. सेल भरलेला असताना ४.२ व्होल्ट देतो आणि संपत आला की तीनच्या आसपास येतो. साधा ड्रायव्हर या उताराबरोबर प्रकाशही उतरू देतो. चांगला ड्रायव्हर मधल्या मोडवर प्रकाश शेवटपर्यंत एकसारखा ठेवतो. खोक्यावर हे कळत नाही. स्वतंत्रपणे चाचणी करणारे लोक वेळ आणि प्रकाश यांचा आलेख काढतात, त्यात मात्र लगेच दिसते : एखाद्या टॉर्चची रेघ घसरगुंडीसारखी खाली येते, तर दुसरीची सपाट चालते. जाहीर झालेल्या मॉडेलचा असा आलेख अजून कुणीही काढलेला नसणार, कारण ती टॉर्च अजून कुणाच्या हातात पडलेली नाही. प्री-ऑर्डर करू नका असे म्हणण्यामागे माझे पहिले कारण हे आहे. पहिल्या खेपेत स्विच सैल निघणे, चार्जिंगचा भाग नीट न बसणे, खालच्या मोडवर प्रकाश थरथरणे असले दोष निघतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेत ते मुकाट्याने सुधारलेले असतात. सवलतीच्या चार पैशांसाठी आपण त्या पहिल्या खेपेचे परीक्षक होतो.

दुसरे कारण आपल्या इथले आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये अलीएक्स्प्रेसवर भारतात बंदी आल्यापासून चिनी टॉर्च थेट मागवण्याचा सोपा रस्ता बंद झाला. कंपनीच्या संकेतस्थळावरून मागवता येते, पण सीमाशुल्क, जीएसटी आणि कुरिअरचे शुल्क धरल्यावर साडेचार हजारांची मर्यादा कधी ओलांडली हे कळत नाही, आणि लिथियम सेल असलेले पार्सल वाटेत अडकण्याची शक्यता वेगळीच. बिघडल्यावर तीच टॉर्च परत पाठवण्याचा खर्च तर कुणी धरतच नाही. म्हणून पहिली टॉर्च भारतातल्या विक्रेत्याकडून, बिल आणि हमी यांसह घ्या. मॉडेल एक वर्ष जुने असले तरी चालेल. किंबहुना जुने असलेलेच बरे.

घ्यायची कोणती? तुमच्या वाटेसाठी १४५०० चा आकार योग्यच आहे. फक्त त्याच टॉर्चमध्ये साधा एए, म्हणजे पेन्सिल सेलही चालेल अशी घ्या. अशा टॉर्चचा ड्रायव्हर १.२ व्होल्टवरही काम करतो. प्रकाश कमी मिळतो, पण पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज गेली आणि चार्जिंगची सोय उरली नाही, तर नाक्यावरच्या किराणा दुकानातल्या सेलवर तुमचे काम भागते. दोन अगदी वेगळ्या स्वभावांची उदाहरणे देतो. ॲसबीमची पोकलिट एए ही निचिया ५१९ए असलेली, शेपटीच्या बटणाची, मोजक्या मोडची टॉर्च आहे आणि ती दोन्ही प्रकारचे सेल घेते. वुरकोसची टीएस१० तेवढ्याच आकाराची, तीन एलईडींची, पण ती केवळ १४५०० वरच चालते आणि तिच्यात ॲन्ड्युरिल नावाची प्रणाली आहे. ॲन्ड्युरिलमध्ये एकदा दाबले की दिवा लागतो, दाबून धरले की प्रकाश हळूहळू वाढतो, बंद असताना तीनदा दाबले की सेलमधला चार्ज कळतो आणि चारदा दाबले की टॉर्च कुलूपबंद होते. नादिष्टांना हे फार आवडते. पण एखाद्या रात्री बाबांनी ती उचलली, दिवा लागेना म्हणून चार वेळा भराभर दाबली, आणि मग ती दाबली तरी नुसता मिणमिणता उजेड पडू लागला, म्हणजे दोनशे रुपयांच्या टॉर्चचे गुणगान तुम्हाला वर्षभर ऐकावे लागेल. घरात सगळ्यांच्या हाताला लागणारी टॉर्च एका बटणाची आणि दोन-तीन मोडचीच असावी. तुमची पहिली टॉर्च पहिल्या जातीची घ्या.

विकत घेण्यापूर्वी आणखी तीन गोष्टी तपासा. यूएसबी-सी लिहिलेले असले तरी दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलने ती चार्ज होते का, हे विचारा. पैसे वाचवण्यासाठी काही उत्पादक त्या जागी लागणारे दोन छोटे रोधक बसवत नाहीत. मग फोनच्या नव्या चार्जरला लावून रात्रभर ठेवली तरी सकाळी सेल रिकामाच. सेल सर्वसाधारण प्रमाणाचा आहे का, तेही पाहा. ऑलाइटच्या अनेक मॉडेलांत दोन्ही ध्रुव एकाच टोकाला असलेला खास सेल लागतो. टॉर्च सुबक असते, पण तीन वर्षांनी सेल गेला की त्याच कंपनीच्या दारात जावे लागते. आणि शेपटीचे झाकण पाव फेरा सैल केल्यावर टॉर्च पूर्ण बंद होते का, हे हातात घेऊन करून बघा. खिशात चुकून चालू झालेली शक्तिशाली छोटी टॉर्च कापड करपवते. प्रवासात आणि बॅगेत ठेवताना ती सैल करूनच ठेवावी. विमानाने कुठे जाणार असाल तर सुटे लिथियम सेल चेक-इनच्या सामानात टाकायचे नसतात, ते स्वतःजवळच्या बॅगेत न्यावे लागतात.

वापराबद्दल थोडे. बागेतल्या वाटेवर शंभर ल्युमेन पुरेसे आहेत. त्या मोडवर भरलेला सेल साडेतीन तासांच्या आसपास चालतो, म्हणजे तुमच्या पंधरा मिनिटांच्या हिशेबाने जवळजवळ पंधरवडा. टॉर्च कपाळाच्या उंचीवर धरू नका. कमरेच्या खाली, हात सोडून धरा. प्रकाश तिरका पडला की दगडाची, मुळीची, वेटोळ्याची सावली पडते आणि ती वस्तू जमिनीपासून सुटी दिसते. डोळ्यांच्या रेषेतून प्रकाश टाकला की सगळ्या सावल्या वस्तूंच्या मागे लपतात आणि वाट सपाट भासते. पावसाळी धुक्यातही हेच करा, कारण धुक्याच्या कणांवरून उलटा फिरणारा प्रकाश थेट डोळ्यांत येतो. तिथे टर्बो, म्हणजे सर्वांत तेजस्वी मोड, लावण्याचा मोह झाला तर समोर नुसती पांढरी भिंत दिसेल. मे-जूनमध्ये काजवे पाहायला भंडारदऱ्याच्या बाजूला जाण्याचा बेत असेल, तर टॉर्चचा सर्वांत खालचा मोड लावून तोही जमिनीकडेच ठेवा. काजवे चमकून जोडीदार शोधतात. आपल्या झोताने त्यांचे ते संकेत बिघडतात.

दमट हवेत आणि खाऱ्या वाऱ्यात टॉर्चची खरी परीक्षा आट्यांवर आणि चार्जिंगच्या खाचेवर होते. आयपीएक्स८, म्हणजे पाण्यात बुडाली तरी चालेल, असे लिहिलेले असले तरी ते रबरी झाकण घट्ट बसलेले असतानाचे आहे. भिजलेली टॉर्च पुसून, झाकण उघडून कोरडी झाल्यावरच चार्जिंगला लावा. महिन्या-दोन महिन्यांनी आट्या कोरड्या कापडाने पुसून ओ-रिंगला, म्हणजे तिथल्या रबरी कड्याला, सिलिकोन ग्रीसचा हलका हात द्या. खोबरेल तेल लावू नका. आपल्याकडे प्रत्येक गोष्टीला ते लावण्याची सवय आहे, पण थंडीत ते गोठते आणि धूळ धरते.

बाबांचे म्हणणे एका बाबतीत अगदी खरे आहे : त्यांची टॉर्च दोन वर्षे खिशात होती आणि तुमची नव्हती. दोनशे रुपयांच्या टॉर्चमध्ये मंद का होईना, रोज उजेड होता. मात्र नादाला खूळ म्हणणे मला मान्य नाही. ज्या माणसाला ड्रायव्हरचे प्रकार आणि एलईडीच्या छटा कळू लागतात, तो पुढे जाहिरातीला सहसा फसत नाही. रेल्वे स्थानकाबाहेर ९९०० एमएएच छापलेला १८६५० सेल दिसला, की त्या आकारात तेवढी ऊर्जा मावूच शकत नाही हे त्याला कुणी सांगावे लागत नाही. तुमच्याकडे ती जाण आलेली आहे. नव्या मॉडेलची चित्रे पाहा, चर्चा करा, आलेख यायला लागले की वाचा. सहा महिन्यांनी ते मॉडेल स्थिरावले, इथल्या विक्रेत्याकडे आले, आणि तुमच्या हातातल्या टॉर्चपेक्षा त्यात प्रकाशाचा रंग, सपाट आलेख किंवा हाताळणी यांपैकी एखादी गोष्ट निश्चित सरस असली, तर जरूर घ्या. केवळ ल्युमेन वाढले असतील तर सोडून द्या. आज साडेचार हजारांपैकी निम्मेच खर्च झाले तर उरलेले त्यासाठी राहतील. दुसरी आली की पहिली बाबांना द्या. एका बटणाची घ्या म्हणालो ते यासाठीही.

शेवटी एक गोष्ट, जी तुम्ही पत्रात विचारलेली नाही. १४५०० चा सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेलसारखा असतो, पण त्याचे व्होल्टेज पेन्सिल सेलच्या दुपटीहून जास्त, ४.२ पर्यंत असते. भिंतीवरचे घड्याळ, टीव्हीचा रिमोट, मुलांचे खेळणे यांत तो चुकून घातला गेला तर ती वस्तू जळते आणि आग लागण्याचाही धोका असतो. म्हणून टॉर्च घरी आली त्याच दिवशी तिच्या सेलवर लाल चिकटपट्टीचा एक वेढा द्या. जादा सेल प्लॅस्टिकच्या बंद डबीत ठेवा. किल्ल्या आणि सुटी नाणी असलेल्या खिशात तो कधीही सुटा टाकू नका. ती डबी घरातल्या पेन्सिल सेलच्या खणात नव्हे, तर तुमच्या स्वतःच्या कपाटात राहू द्या, आणि लाल पट्टीच्या सेलला हात लावायचा नाही हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.